स्पॅनिशच्या वाटेवरचा इंग्रजी टोलनाका

स्पॅनिश शिकायला लागलेल्या कुणालाही पहिल्या दोन महिन्यांतच एक प्रश्न पडतो, आणि त्याचं ठरलेलं उत्तर लगेच हातात ठेवलं जातं. प्रश्न असा : एकाच अर्थाचे दोन-तीन शब्द समोर आले तर त्यातला कुठला पाठ करायचा? उत्तर असं : जास्त वापरला जातो तो करा, बाकीचे सध्या सोडून द्या, पुढे आपोआप येतील. क्लासात हेच सांगतात, फ्लॅशकार्डांचे तयार गठ्ठे याच हिशेबानं बनलेले असतात, आणि शंभर दिवसांत स्पॅनिश शिकवणाऱ्या व्हिडिओंचा तर हा मूलमंत्रच आहे. सल्ला व्यवहारी वाटतो. वेळ थोडा, शब्द फार, तेव्हा काटछाट करा.

मराठी माणसासाठी हा सल्ला वाईट आहे असं माझं म्हणणं आहे, आणि त्याचं खापर स्पॅनिशवर फोडता येत नाही. ज्या शब्दांना 'एकाच अर्थाचे' म्हणतात ते बहुतेकदा एका अर्थाचे नसतातच. इंग्रजीत त्यांना एक सामायिक शब्द आहे, एवढंच त्यांचं सारखेपण. पुण्यातला विद्यार्थी मराठीत विचार करतो, इंग्रजीत वही काढतो आणि स्पॅनिश बोलू पाहतो. आणि मधल्या मुक्कामावर जो माल हरवला तो स्पॅनिशमध्ये जास्तीचा आहे अशी तक्रार करतो.

सगळ्यात साधं उदाहरण घ्या. 'आस्क' या इंग्रजी शब्दाला स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत : पेदीर आणि प्रेगुंतार. इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांत यावर चौकट असते, चौकटीत नियम असतो, नियमाखाली सराव असतो. (या लेखातले स्पॅनिश उच्चार लॅटिन अमेरिकेच्या वळणाचे आहेत; स्पेनच्या बऱ्याच भागात काही ठिकाणचा 'स' जीभ दातांत धरून 'थ'सारखा काढतात.) मराठी माणसाला या चौकटीची गरज काय? पेदीर म्हणजे मागणे, प्रेगुंतार म्हणजे विचारणे. संपलं. आपल्याकडे तीन वर्षांचं पोरही चॉकलेट 'मागतं' आणि बाबा कधी येणार ते 'विचारतं', त्यात घोळ घालत नाही. पण आपण कार्डाच्या मागे इंग्रजी 'आस्क' लिहितो आणि मग दोन कार्डांच्या मागे एकच उत्तर दिसलं म्हणून डोकं धरून बसतो. कुठला पाठ करू? जास्त वापरातला कुठला?

हीच गंमत 'टाइम'ची. स्पॅनिशच्या वारंवारतेच्या कुठल्याही यादीत पहिल्या काही शे शब्दांत तियेंपो, ओरा आणि बेस हे तिन्ही भेटतात, आणि तिघांसमोर कमीअधिक तपशिलानं 'टाइम' लिहिलेलं असतं. आता मराठी पाहा. 'मला वेळ नाही', 'खूप वेळ लागला', यातला तो वेळ पुल्लिंगी. 'जेवायची वेळ झाली', 'गाडीची वेळ काय', यातली ती वेळ स्त्रीलिंगी. आणि 'तीन वेळा सांगितलं' यातल्या वेळा मोजायच्या. तियेंपो म्हणजे तो वेळ, ओरा म्हणजे ती वेळ, बेस म्हणजे खेप. दोनच वाक्यं लिहितो : 'त्यानं मला वेळ विचारली' आणि 'त्यानं माझ्याकडे वेळ मागितला'. पहिलं स्पॅनिशमध्ये 'मे प्रेगुंतो ला ओरा', दुसरं 'मे पिदियो तियेंपो'. क्रियापदही बदललं, नामही बदललं, आणि दोन्ही बदल मराठीनं आधीच करून ठेवलेले आहेत. ज्याला ही दोन मराठी वाक्यं वेगळी ऐकू येतात त्याला स्पॅनिशच्या या चार शब्दांत 'निवड' अशी करावीच लागत नाही.

मला राग येतो तो इथे. इंग्रजीच्या मानानं स्पॅनिशमध्ये जे जे विचित्र आहे ते सगळं आपल्यालाही विचित्र म्हणून शिकवलं जातं. गुस्तार हे क्रियापद घ्या. 'मे गुस्ता एल काफे', म्हणजे मला कॉफी आवडते. 'मे गुस्तान लोस गातोस', म्हणजे मला मांजरी आवडतात. आवडणाऱ्याला 'ला' लागतो आणि क्रियापद आवडलेल्या वस्तूप्रमाणे चालतं, अगदी मराठीसारखं. इंग्रजी बोलणाऱ्याला ही उलटी गंगा वाटते, म्हणून त्याच्यासाठी पुस्तकांनी एक कुबडी तयार केली : 'कॉफी मला सुखकारक आहे' अशा अर्थाचं एक अवघडलेलं इंग्रजी वाक्य पाठ करा, म्हणजे रचना लक्षात राहील. ठीक, त्याला गरज आहे. पण जन्मापासून 'मला आवडतं', 'मला वाटतं', 'मला चालेल' म्हणणाऱ्या मुलामुलींना तीच कुबडी देऊन लंगडत चालायला लावणं याला काय म्हणायचं? 'तू मला आवडतेस' या वाक्यात जी कबुली आहे तीसुद्धा 'मे गुस्तास'मध्ये तशीच आहे. इंग्रजी 'आय लाइक यू' तिच्या आसपासही येत नाही.

'ब्रेक' आणि 'ड्रॉप'चीही तीच कथा. स्पॅनिश माणूस 'रोंपी एल बासो' म्हणाला तर त्यानं ग्लास फोडला. 'से मे रोंपियो एल बासो' म्हणाला तर त्याच्या हातून ग्लास फुटला. या दुसऱ्या रचनेला इंग्रजी पुस्तकं 'अनपेक्षित घटनांचा से' वगैरे भारदस्त नाव देतात आणि ती बरीच पुढच्या पातळीवर शिकवतात. आपल्याकडे फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे अशा जोड्यांवर भाषेचा अर्धा डोलारा उभा आहे, आणि 'हातून' हा शब्द तर अंगावरची जबाबदारी अलगद झटकायला जणू मुद्दाम घडवलेला आहे. पहिल्या महिन्यात शिकवता येईल अशी गोष्ट आपण दुसऱ्या वर्षावर ढकलतो, कारण लंडनमधल्या विद्यार्थ्याला ती अवघड जाते.

'सी' आणि 'लुक'? बेर आणि मिरार. 'नो बेयो नादा' म्हणजे मला काही दिसत नाही. मिरार म्हणजे बघणे. 'हिअर' आणि 'लिसन'? ओईर म्हणजे ऐकू येणे, एस्कुचार म्हणजे ऐकणे. (लॅटिन अमेरिकेत फोनवर आवाज येत नसला की 'नो ते एस्कुचो' सर्रास म्हणतात, म्हणजे तिकडेही सीमारेषा पुसट होतेच. पण ती कुठे पुसट होते हे कळायला आधी ती दिसावी लागते.) 'प्ले'? खेळायचं असेल तर हुगार, वाजवायचं असेल तर तोकार. 'नो'? माहीत असणे आणि पोहता येणे, स्वयंपाक येणे, भाषा येणे यांतलं येणे, या दोन्हींना साबेर. आणि माणसाला किंवा गावाला ओळखणे म्हणजे कोनोसेर. 'ला कोनोसी एन लीमा', म्हणजे लीमात माझी तिच्याशी ओळख झाली. इंग्रजी पुस्तकात याला 'भूतकाळात अर्थ बदलणारी क्रियापदं' अशा मथळ्याखाली वेगळा धडा असतो. ओळखणे आणि ओळख होणे यात अर्थ कुठे बदलला?

सेर आणि एस्तार मात्र जरा सविस्तर घ्यावे लागतील, कारण स्पॅनिशमधली ही सगळ्यात बदनाम जोडी. दोन्हींचा अर्थ 'असणे'. इथे मराठीतही एकच 'आहे' दिसतो, त्यामुळे मराठीचा काही उपयोग नाही असं समजून सगळेजण इंग्रजीतला ठरीव नियम उचलतात : कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार. त्यावर इंग्रजी आद्याक्षरांचे दोन मंत्रही आहेत, सेरसाठी 'डॉक्टर' आणि एस्तारसाठी 'प्लेस', प्रत्येक अक्षर एकेका प्रकारासाठी. हा नियम पहिल्याच स्मशानात कोसळतो. माणूस मेला यापेक्षा कायमचं काय असेल? पण स्पॅनिशमध्ये 'एस्ता मुएर्तो', म्हणजे एस्तार. तारुण्यापेक्षा तात्पुरतं काय? पण 'एस होबेन', सेर. माद्रिद स्पेनमधून उठून कुठे जाणार नाही, तरी 'माद्रिद एस्ता एन एस्पान्या'. तीन वाजलेत ही गोष्ट मिनिटभर टिकते, तरी 'सोन लास त्रेस', सेर. नियमाला इतके अपवाद असतील तर तो नियम नसून अफवा आहे.

आता 'आहे' बाजूला ठेवा आणि मराठी बोलताना आपण प्रत्यक्षात काय म्हणतो ते ऐका. सूप चाखल्यावर आपण 'सूप छान आहे' असं क्वचितच म्हणतो. आपण म्हणतो, 'छान झालंय'. स्पॅनिशमध्ये 'एस्ता रीका'. मेलाय : एस्ता मुएर्तो. दमलाय : एस्ता कान्सादो. तुटलंय : एस्ता रोतो. झोपलाय : एस्ता दोर्मीदो. बसलाय : एस्ता सेंतादो. या शेवटच्या दोघांकडे नीट बघा. इंग्रजी माणूस 'बसत आहे' अशा रूपानं बोलतो आणि म्हणून स्पॅनिशमध्येही चालू वर्तमानकाळ लावायला जातो, चूक होते. मराठी आणि स्पॅनिश दोघींना वाटतं की बसण्याची क्रिया उरकली, आता तिचा परिणाम समोर दिसतोय. पुढे : 'एस गोर्दो' म्हणजे तो जाड आहे, 'एस्ता गोर्दो' म्हणजे तो जाड झालाय, मागच्या वेळी पाहिला तेव्हा बरा होता. 'एस बियेहो', म्हातारा आहे. 'एस्ता बियेहो', म्हातारा झालाय. विशेषणापुरतं बोलायचं तर 'झालाय', 'झालंय' किंवा नुसतं '-लाय' सहज बसत असेल तिथे एस्तार. हा नियम सगळीकडे पुरणार नाही : डॉक्टर 'झालाय' तरी व्यवसाय सांगताना सेरच येतो, आणि गाव कुठे आहे ते सांगायला एस्तार लागतो हे वेगळं लक्षात ठेवावं लागतं. समारंभांचं पुन्हा निराळं. लग्न कुठे आहे, पार्टी कुठे आहे याला सेर; पण तिथेही 'आहे'च्या जागी 'होणार आहे' घालून बघितलं की बसतं. कायमचं-तात्पुरतं यापेक्षा हे कितीतरी जास्त ठिकाणी टिकतं, आणि ते पाठ करावं लागत नाही, फक्त स्वतःचं बोलणं कान देऊन ऐकावं लागतं.

'फॉर'खाली कोंबलेल्या पोर आणि पारा या जोडीचंही असंच सुटतं. पारा म्हणजे साठी. पोर म्हणजे मुळे, बद्दल, बदल्यात, -तून, -वरून : तुझ्यामुळे, मदतीबद्दल, पैशांच्या बदल्यात, बागेतून, फोनवरून. आपल्याकडे पाच आहेत म्हणून आपल्याला त्यांचा एक कळायला सोपा जातो. इंग्रजीतून एकाचे दोन करायला जावं तर दोन पानांचा तक्ता लागतो.

आता विरोधी बाजू. ती कमकुवत नाही, म्हणून नीट मांडतो.

पहिला आक्षेप संशोधनाचा. 1990च्या दशकात थॉमस टिंकम आणि त्यांच्यानंतर रॉब वॉरिंग यांनी प्रयोग करून दाखवलं की अर्थानं जवळचे शब्द एकत्र शिकवले तर ते एकमेकांत मिसळतात आणि लक्षात राहायला जास्त वेळ लागतो. शब्दसंग्रहाच्या अध्यापनातलं मोठं नाव, पॉल नेशन, यांनीही या धोक्याबद्दल लिहिलं आहे. तेव्हा पेदीर आणि प्रेगुंतार एकदम समोर ठेवूच नका, आधी एक पक्का होऊ द्या. हे प्रयोग मला मान्य आहेत. पण त्यांत काय मोजलं होतं? कपड्यांची नावं, एका गटातल्या वस्तूंची नावं, आणि त्यांना जोडलेले बनावट शब्द. शर्ट आणि स्वेटर यांच्यासाठी दोन निरर्थक ध्वनी एकाच बैठकीत पाठ करायला दिले तर ते मिसळणारच, कारण कुठला ध्वनी कुणाचा याला बाहेरचा आधारच नाही. 'मागणे' आणि 'विचारणे' तुमच्या डोक्यात आधीपासून दोन वेगळ्या खुंट्यांवर टांगलेले आहेत. नवे शब्द त्या खुंट्यांवर अडकवायचे आहेत. मिसळतात ते तेव्हा, जेव्हा दोघांनाही 'आस्क' नावाची एकच खुंटी देता. हा प्रयोग माझ्या बाजूनं बोलतो असं मी म्हणेन.

दुसरा आक्षेप : चुकीचा शब्द वापरला तरी लोकांना समजतं. समजतं, खरंच समजतं. कॅफेत जाऊन कॉफी 'विचारलीत' तरी कॉफी मिळेल. परदेशी माणसाला लोक सांभाळून घेतात. पण सांभाळून घ्यायची सवड नेहमीच असते असं नाही. 1980 साली फ्लोरिडात एका क्यूबन कुटुंबातला 18 वर्षांचा मुलगा बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आला. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये सांगितलं, तो 'इंतोक्सिकादो' आहे. त्यांच्या बोलीत याचा अर्थ खाण्यापिण्यातून काही बाधलंय. डॉक्टरांच्या कानावर तो इंग्रजी 'इंटॉक्सिकेटेड' म्हणून पडला, म्हणजे नशेत. व्यावसायिक दुभाषी कुणी नव्हता. अमली पदार्थांच्या अतिसेवनावर उपचार सुरू झाले, मेंदूतला रक्तस्राव तसाच राहिला, आणि तो मुलगा चारही हातापायांनी पांगळा झाला. वैद्यकीय दुभाष्यांच्या प्रशिक्षणात ही केस आजही सांगितली जाते. आपल्यापैकी कुणी उद्या फ्लोरिडाच्या इमर्जन्सी वॉर्डात दुभाषी होणार नाही, हे खरं. पण पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरांत आणि सपोर्ट टीममध्ये स्पॅनिश येणाऱ्याला पगार जास्त असतो, आणि तिथे पलीकडचा माणूस तक्रार करत असतो, कौतुकानं तुमचे उच्चार ऐकत नसतो.

तिसरा आक्षेप माझ्याच पिढीचा : हा सगळा भाषाभिमान आहे, इंग्रजी ही आता आपलीच भाषा आहे. तर एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. त्यात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, इंजिनिअरिंगला जाऊन धडपडत इंग्रजीवर आलेली मुलगी बसलेली आहे. शिक्षक सेर-एस्तार इंग्रजीतून समजावतात. तिला कळत नाही. तिला वाटतं स्पॅनिश अवघड आहे, किंवा आपल्याला भाषा जमतच नाहीत. शेजारी बसलेल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला भराभर कळतंय असं दिसतं, कारण त्याला इंग्रजी स्पष्टीकरण कळतंय. वर्गात दोघांची परीक्षा इंग्रजीची चालू आहे आणि निकाल स्पॅनिशचा लागतोय. 'झालंय' आणि 'आहे' यातला फरक त्या मुलीच्या जिभेवर आहे, तो तिच्या कधीच उपयोगी पडू दिला जात नाही. हे कुणी दुष्टपणानं करत नाही. पाठ्यपुस्तकं बाहेरून येतात, ती इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली असतात आणि शिक्षकही त्यांवरच शिकलेले असतात. पण फी ती मुलगीही तेवढीच भरते.

आमच्या धंद्यात याला नाव आहे : पिव्हट भाषा. यंत्रानुवादात ज्या दोन भाषांच्या जोडीसाठी पुरेसा मजकूर नसतो तिथे मध्ये इंग्रजी घालण्याची जुनी पद्धत आहे. इकडून इंग्रजीत, इंग्रजीतून तिकडे. तोटा ठरलेला. स्पॅनिशमध्ये 'तू' आणि 'उस्तेद' आहेत, मराठीत तू आणि तुम्ही; स्पॅनिश 'तू' तर आपल्या 'तू'सारखाच उच्चारला जातो आणि दूरच्या नात्यानं त्याचा भाऊही लागतो. पण मध्ये 'यू' आला की दोघंही सपाट होतात, आणि आजी नातवाला 'आपण जेवलात का' विचारते. यंत्रानं असं केलं की आपण स्क्रीनशॉट काढून हसतो. माणसांच्या डोक्यात हीच व्यवस्था पैसे देऊन बसवून घेतो.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे : मराठीही फसवते. बर्फ म्हणताना आपण आभाळातून पडणारा आणि फ्रीजमधला यांत भेद करत नाही. स्पॅनिशमध्ये पहिला नियेबे, दुसरा येलो, आणि इथे इंग्रजी जाणणाराच पुढे असतो. 'कुठे शिकतोस?' आणि 'पोहायला शिकतोय' यांत आपल्याला एकच क्रियापद पुरतं. स्पॅनिशला आधी एस्तुदियार आणि मग आप्रेंदेर लागतं. स्वयंपाकघरातून हाक आली की आपण 'आलोच' म्हणतो, स्पॅनिश माणूस 'या बोय', म्हणजे शब्दशः 'जातोच', म्हणतो. तिथे 'येतो' म्हणालात तर ऐकणारा गोंधळेल. आणि बटाटा! हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांनी दिला, चावी, साबण, पाव, पगार यांच्यासोबत. स्पॅनिशमधले याबे, हाबोन, पान आणि पागार हे त्यांचे सख्खे चुलत. पण पान म्हणजे पाव असला तरी स्पॅनिश बाताता म्हणजे रताळं. बटाट्याला स्पेनमध्ये पाताता आणि लॅटिन अमेरिकेत पापा. पाताता हा शब्दच मुळी पापा आणि बाताता यांच्या सरमिसळीतून झालाय, म्हणजे हा घोळ घालणारे आपण पहिले नव्हे. तर मराठी खोटं बोलतेच, पण ते खोटं आपल्याला लगेच पकडता येतं, कारण तिचे कानेकोपरे आपल्याला ठाऊक आहेत. 'आस्क'चे कोपरे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

खरोखर निवड करावी लागते ती एकाच जागी, आणि नेमकं तिथेच वारंवारतेच्या याद्या गप्प बसतात. गाडीला स्पेनमध्ये कोचे, मेक्सिकोतही कोचे किंवा कार्रो, कोलंबियात कार्रो, अर्जेंटिनात आउतो. आवोकाडोला मेक्सिकोत आग्वाकाते, पेरू-चिलेत पाल्ता. ग्वाग्वा म्हणजे क्यूबात बस आणि चिलेत तान्हं बाळ. कोहेर हे क्रियापद स्पेनमध्ये दिवसभर वापरतात, बस पकडायला, छत्री घ्यायला. मेक्सिको किंवा अर्जेंटिनात तेच वाक्य म्हणालात तर समोरचे लोक हसू दाबतील, कारण तिथे त्याचा अर्थ संभोग करणे. इथे 'जास्त वापरातला शब्द घ्या' या सल्ल्याला अर्थ नाही. जास्त वापर कुणाचा? तुमची टीम ग्वादालाहारात बसत असेल तर मेक्सिकोचा शब्द घ्या, बाकीचे ओळखीपुरते असू द्या. कऱ्हाडचा शब्द घ्यायचा की नागपूरचा हे आपण शब्द मोजून ठरवत नाही, कुणाशी बोलायचंय त्यावर ठरवतो.

स्पॅनिशमध्येच याचं एक जुनं उत्तर आहे. मारिया मोलिनेर नावाच्या ग्रंथपालबाईंनी घरी बसून, जवळपास दीड दशक राबून, एकटीनं 'वापराचा कोश' केला. तो 1966-67 मध्ये दोन खंडांत आला. 1713 पासून चालत आलेली स्पॅनिश अकादमी शब्दांच्या व्याख्या देत होती. मोलिनेरबाईंनी व्याख्येसोबत त्या शब्दाचं गणगोतही दिलं, जवळचे शब्द, त्याच्यासोबत येणारे शब्द, तो कसा वापरतात ते. वाचणाऱ्यानं एका शब्दाचं बोट धरून वाड्यात शिरावं आणि बाकीची मंडळी भेटावीत अशी ती रचना आहे. 1972 साली अकादमीच्या जागेसाठी त्यांचं नाव पुढे आलं आणि निवड दुसऱ्याची झाली. अकादमीचं जाऊ द्या. पण फ्लॅशकार्डं विकणाऱ्यांनी तो कोश एकदा चाळला असता तर 'एक शब्द, एक अर्थ, एक कार्ड' ही कल्पना त्यांना इतकी सोयीची वाटली नसती.

कार्डांना माझा विरोध नाही. ठरावीक अंतरानं उजळणी केली की गोष्टी लक्षात राहतात हे एबिंगहाउसनं 1885 मध्येच लिहून ठेवलंय, आणि मीही रोज सकाळी लोकलमध्ये कार्डं उलटतो. विरोध आहे तो त्यांच्या मागच्या बाजूला. तिथे एकटा इंग्रजी शब्द नको, अख्खं मराठी वाक्य हवं, आणि शक्यतो जोडीनं हवं : 'वेळ विचारली' आणि 'वेळ मागितला' एकाच कार्डावर. 'सूप छान झालंय' आणि 'तो स्वभावानं छान आहे' एकाच कार्डावर. 'फुटला' आणि 'फोडला' एकाच कार्डावर. बर्फासारखी जागा आली की मराठी वाक्यातच परिस्थिती घालायची : 'काश्मिरात रात्रभर बर्फ पडला', 'सरबतात बर्फ टाक'. म्हणजे निवड शब्दांतून होत नाही, प्रसंगातून होते, जशी ती बोलताना होते. असा गठ्ठा कुठून तयार मिळणार नाही. तो मराठीतून विचार करणाऱ्या कुणीतरी बसून करावा लागेल. पहिल्या पाचशे शब्दांचा करायला चार-पाच जणांना काही शनिवार-रविवार लागतील. सुरुवात क्रियापदांपासून करावी, आणि सेर-एस्तार सगळ्यात शेवटी ठेवावं, तोपर्यंत 'झालंय' हा शब्द दिवसातून किती वेळा आपल्या तोंडून जातो ते मोजत राहावं.